समुद्र आठ महिन्यांचा, घर बारा महिन्यांचं

समुद्राकाठी राहायला जायचं मनात आहे, हे मी घरी पहिल्यांदा बोललो तेव्हा अम्मीने भाकरी थापता थापता विचारलं, "वहाँ जाके क्या करेगा? मछल्या गिनेगा?" खरं उत्तर "हो" असंच होतं. विहिरीत कमरेला भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या सांगलीकडच्या माणसाला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पाण्याखाली श्वास घ्यायचा नाद लागावा, हे तिला काय समजावणार? मलाच ते नीट समजलेलं नव्हतं.

नाद लागला तारकर्लीत. ऑफिसची सहल होती. पंधरा-वीस मिनिटांचं ते स्कूबा, प्रशिक्षक पाठीमागून धरून खाली नेतो, मोबाइलवर व्हिडिओ काढून देतो, तेवढंच. बाकीचे वर आले आणि जेवायला गेले. मी दुसऱ्या महिन्यात परत गेलो. मग रीतसर कोर्स केला, अठरा मीटरपर्यंतचा परवाना मिळवला, नंतर तीस मीटरचा. आज माझ्या वहीत चौसष्ट डाइव्ह नोंदलेले आहेत. त्यातल्या निम्म्यांहून जास्त डाइव्हसाठी मी पुण्याहून रात्रीच्या बसने गेलो आहे, आणि राहायला जायचा विचार त्या बसमध्येच सुरू झाला.

त्याचं कारण घाट. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, आणि त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत विरघळत जातो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडावा लागतो. शरीर घाईने कमी दाबात गेलं तर सोड्याची बाटली उघडल्यावर जे होतं ते आत होऊ शकतं. म्हणून एका डाइव्हनंतर निदान बारा तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह केले असतील तर निदान अठरा तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. विमानाचं हे बहुतेकांना ठाऊक असतं. घाटाचं कोणी सांगत नाही. हे तास मोजताना उंचीची जी हद्द धरतात ती साधारण दोन हजार फुटांची, आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर, म्हणजे त्या हद्दीच्या वर आहे. शनिवारी दोन डाइव्ह करायचे, रविवारी सकाळी समोर समुद्र चमकत असताना किनाऱ्यावर कोरडं बसून राहायचं आणि दुपारनंतर घाट चढायचा. रविवारी सकाळी पाण्यात उतरून संध्याकाळी आंबोली चढणारे मी पाहिले आहेत. त्यांना काही झालं नाही. पण काही झालं नाही हा काही नियम नव्हे. घाटावरच्या माणसाला समुद्राचा नाद असेल तर त्याने एक तर दर खेपेला एक दिवस दान करावा, नाही तर घाट उतरून कायमचं खाली यावं, असं माझं मत झालं.

आता खाली म्हणजे कुठे? इथे मी दोन वर्षं घालवली, आणि आज लिहायचं ते त्याबद्दल. "कुठे जाऊ?" असं विचारलं की डाइव्ह करणारी माणसं पाण्याबद्दल बोलू लागतात. किती मीटर दिसतं, प्रवाळ कसे आहेत, कोणते मोठे मासे येतात. आठवड्याच्या सुट्टीसाठी हे प्रश्न बरोबर आहेत. बिऱ्हाड हलवायचं असेल तर ते चौथ्या-पाचव्या क्रमांकाचे आहेत. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती. अर्थात, मी ऐकलं नसतं.

मी पहिल्यांदा अंदमानच्या प्रेमात पडलो. मार्चमधला आठवडा, हॅवलॉक बेट. २०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे. डिक्सन्स पिनॅकल नावाची जागा आहे, समुद्राच्या तळातून वर आलेले खडकांचे सुळके. बोटीतून उडी मारल्यावर खालचा खडक थेट दिसला, इतकं निवळ पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. बराकुडांचा थवा आमच्याभोवती फिरत राहिला. त्या रात्री मी बायकोला फोन करून सांगितलं की आपण इथे यायचं. तिने विचारलं, "दवाखाना कुठे आहे?" मी म्हटलं, बघतो.

बघितलं. छोटा दवाखाना बेटावर आहे. त्याच्या पलीकडचं काही झालं तर दीड-दोन तासांची बोट, आणि समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. एक ओळखीचा माणूस तिथे दोन वर्षं राहून पुण्याला परत आला होता. मला वाटलं, पाण्याला कंटाळला असेल. तो म्हणाला, पाणी आजही स्वप्नात येतं. पण बायको सातव्या महिन्यात असताना तीन दिवस बोट बंद होती, आणि त्या तीन दिवसांत त्याने जे काही ठरवलं ते मग बदललं नाही. आणखी एक गोष्ट मला तिथे जाणवली. हॅवलॉकवरची बरीच वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. त्यांनी जंगल तोडून शेती केली, सुपारी लावली, गाव वसवलं. त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची मुलं आज बोटींवर सिलिंडर उचलतात. बेटाची पाण्याखालची कीर्ती आणि पाण्यावरचं कष्टाचं जिणं यांतलं अंतर आठवड्याच्या पाहुण्याला दिसत नाही. मलाही ते चौथ्या दिवशी दिसलं, तेही पाऊस पडून डाइव्ह रद्द झाल्यामुळे.

दुसरा सल्ला सगळ्यांत जास्त वेळा मिळाला, आणि तो प्रेमानेच मिळाला: "तू लक्षद्वीपला का नाही जात? तिथे सगळे तुमचेच आहेत." ऑफिसमधल्या तीन वेगवेगळ्या मित्रांनी मला हे सांगितलं. लक्षद्वीपमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त लोक मुसलमान आहेत, हे खरं. पण ते बोलतात मलयाळमच्या घरातली बोली, मिनिकॉयला महल. मी बोलतो मराठी आणि घरी दख्खनी. त्यांच्याशी माझं जेवढं जमेल तेवढं तारकर्लीच्या नावाड्याशी जास्त जमतं. शिवाय तिथले मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात, बाहेरच्याला बेटावर जायलाच परवाना लागतो आणि जमीन विकत घेता येत नाही. हे बंधन मला योग्य वाटतं. सगळ्या बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत माणसं ६४ हजारांवर. त्यात माझ्यासारख्या हौशी माणसाने आणखी एक घर कशाला बांधावं? तिथे पाहुणा म्हणून जावं आणि परत यावं.

लक्षद्वीपने मला एक गोष्ट मात्र शिकवली. तिथले प्रवाळ १९९८ मध्ये समुद्राच्या उष्णतेने पांढरे पडले, २०१० मध्ये पुन्हा, २०१६ मध्ये पुन्हा आणि २०२४ मध्ये चौथ्यांदा. अंदमानलाही २०१० ने मोठा फटका दिला. नुसत्या प्रवाळांच्या ओढीने घर हलवणाऱ्याने हे वर्षांचे आकडे एकदा कागदावर लिहून बघावेत. मुलीची शाळा बदलायची, नोकरीची घडी विस्कटायची, आणि एका एप्रिलमध्ये ज्यासाठी हे केलं ते डोळ्यांदेखत पांढरं होताना बघायचं. ते बघायची तयारी असेल तर जावं.

मुर्डेश्वरला मी जवळजवळ गेलोच होतो. किनाऱ्यापासून दहा सागरी मैलांवर नेत्राणी बेट आहे, बोटीने तास-दीड तास. पश्चिम किनाऱ्यावर, लक्षद्वीप सोडून, मी पाहिलेलं सगळ्यांत चांगलं पाणी तिथलं. कोकण रेल्वेचं स्टेशन गावातच. शेजारी भटकळ, नवायत मुसलमानांचं जुनं गाव; त्यांची नवायती बोली कोंकणीच्या कुळातली, त्यामुळे जेवायला बसलो तेव्हा निम्मं बोलणं मला कळत होतं आणि उरलेलं निम्मं मी शिरवाळ्यांबरोबर गिळलं. एकटा असतो, पंचवीस वर्षांचा असतो, तर आज हा मजकूर मुर्डेश्वरहून लिहिला असता. पण मुलगी चौथीत आहे, मराठी शाळेत. तिने कन्नड शिकावं, का नाही. पण तिचं शाळेचं माध्यम मी माझ्या छंदासाठी बदलावं, हे मला पटेना. आणि तिथला सगळा डाव एकाच बेटावर. लाट मोठी असली की दिवस गेला.

गोव्याचं थोडक्यात सांगतो, कारण गोव्याबद्दल सगळ्यांनाच सगळं माहीत असतं. ग्रँड आयलंडभोवती बुडालेल्या जहाजांचे सांगाडे आहेत, प्रशिक्षक भरपूर आहेत, बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. या सगळ्यापेक्षा घराचं भाडं जास्त आहे.

भाड्यावरून घराचा विषय निघालाच आहे. किनाऱ्यावरच्या एका गावात (नाव घेत नाही, गावाचा दोष नाही) मला एक घर फोनवर पक्कं झालं होतं. मागे विहीर, पुढे अंगण, सामान धुवायला वाळवायला जागा. करारासाठी आधार कार्डाचा फोटो पाठवला आणि तासाभरात कळलं की मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरलंय, घर द्यायचं नाही. पुण्यात दोन वेळा असे पुतणे मला भेटले आहेत, त्यामुळे मी फार विचारपूस केली नाही. पण एक गोष्ट नोंदवून ठेवावीशी वाटते. आठ वर्षांत समुद्राकाठच्या कुठल्याही लॉजने मला खोली नाकारलेली नाही. पाहुणा म्हणून माझं सगळीकडे स्वागत झालं. राहायला येतो म्हटल्यावर माझं नाव वाचलं गेलं. ज्यांना हा अनुभव येत नाही त्यांनी जागा निवडताना हा रकाना रिकामा सोडावा. आम्हाला तो भरावा लागतो, आणि तो पाणी किती निवळ आहे याच्या आधी येतो.

म्हणून मी शेवटी पद्धत बदलली. पाण्यात न उतरता गाव बघायचं ठरवलं. गेल्या वर्षी जुलैमध्ये, रजा आणि घरून काम यांची मोट बांधून, आम्ही तीन आठवडे मालवणजवळ एका मच्छीमार वाडीत राहिलो. जुलै मुद्दाम निवडला. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत तिथलं स्कूबा बंद असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते. म्हणजे ज्यासाठी जायचं ते नाही, आणि ज्यावर गाव चालतं तेही नाही. अशा दिवसांत गाव कसं असतं ते मला बघायचं होतं.

घर दाखवायला आलेल्या बाईंनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मासे खातास मां?" खातो म्हटलं. "मगे रवा." विषय संपला.

ते तीन आठवडे सोपे नव्हते. माझ्या मास्कच्या पट्ट्यावर चौथ्या दिवशी बुरशी आली. वीज गेली की सहा-सात तास येत नसे, त्यामुळे दोन महत्त्वाच्या मीटिंगना मी कुडाळला जाऊन एका खानावळीत बसलो. कपडे वाळलेच नाहीत. मुलीला सर्दी झाली, अम्मीचा गुडघा धरला. पण अम्मी दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या म्हातारीबरोबर ओसरीवर बसून सोलं निवडू लागली. एक मालवणी बोलते, एक दख्खनी, आणि दोघी सुनांबद्दल बोलत असाव्यात असा माझ्या बायकोचा संशय आहे. गावाजवळ मशीद आहे, हे मी अम्मीला सांगितलं होतं. तिने स्वतः चौकशी करून कब्रस्तान कुठे आहे तेही शोधलं आणि मला फक्त "है" एवढं सांगितलं. तिच्या यादीत बाजार आणि कब्रस्तान एवढे दोनच रकाने होते.

आणि मी जाळी दुरुस्त करणाऱ्यांजवळ बसलो. आठ वर्षं या किनाऱ्यावर येतोय, पण मच्छीमाराशी बोटीच्या भाड्यापलीकडे बोललो नव्हतो. रापण ओढणाऱ्यांना मोठ्या यांत्रिक जाळ्यांचा राग का, हे तिथे ऐकलं. १९८७ मध्ये मालवणच्या किनाऱ्यालगत सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासूनचा विरोधही ऐकला. आम्ही डाइव्ह करणारे लोक अभयारण्य म्हटलं की टाळ्या वाजवतो. ज्याच्या होडीची वाट तिथूनच जाते त्याला त्यात आपली चूल दिसते. मी अभयारण्याच्या विरोधात नाही. पण समुद्र आवडतो म्हणून बाहेरून राहायला आलेल्याने पहिली काही वर्षं "इथे मासेमारी बंद करा" हे वाक्य तोंडातून काढू नये, असं माझं ठाम मत त्या ओसरीवर झालं. काही सुधारायचंच असेल तर आपल्याकडून सुरुवात करावी. व्हिडिओत मासे जवळ यावेत म्हणून पाण्याखाली पाव चुरून टाकणारे मच्छीमार नसतात, आमच्यासाठी बोट काढणारे असतात. आणि ते तसं करतात कारण आम्हाला व्हिडिओ हवा असतो.

मालवणचं पाणी साधं आहे, हे कबूल करतो. चार-पाच मीटर दिसलं तर दिवस चांगला. जानेवारीत एखाद्या सकाळी दहा मीटर दिसतं आणि मग तो दिवस आम्ही वर्षभर एकमेकांना सांगत बसतो. प्रवाळ गोलसर, ओबडधोबड, गढुळात तग धरणारे. आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा तो पाण्याखालचा प्रचंड पठारी भाग, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरवर आहे. मालवणला राहिलं म्हणजे तो अंगणात आला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकात सकाळी कपारीतला शेवंड बघावा, गोबरा बघावा, वाळूत अंग पुरून बसलेलं पाकट बघावं आणि संध्याकाळी बंदरावरच्या लिलावात तेच टोपल्यांत बघावेत, हे मला अंदमानात मिळालं नाही. तिथे माशांची नावं मी पुस्तकातून शिकलो. इथे कोळणीने भाव सांगताना शिकवली, आणि चुकलो तर हसली.

धोक्याचंही बोललं पाहिजे. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. पाण्याखाली काही झालं नव्हतं, पाण्यावर झालं. राहायला जाल तिथली बोट आधी बघा: लाइफ जॅकेट अंगावर असतात की फळीखाली, माणसं किती भरतात, ऑक्सिजनची पेटी आहे का आणि ती उघडून दाखवतात का. नायट्रोजनचा आजार झालाच तर त्यावरचा उपचार दाबाच्या कोठीत होतो, आणि अशी कोठी तालुक्याच्या गावी नसते. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात आहे, आणि मालवणहून मुंबई म्हणजे रात्रभराची वाट. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय की परवाना तीस मीटरचा असला तरी घराजवळ वीसच्या खाली जायचं नाही.

रमजानचाही हिशोब मांडला, कारण तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. पुढची दहा वर्षं तरी तो डाइव्हच्या हंगामातच पडणार आहे. रोज्यात मी पाण्यात उतरत नाही. मसला राहू दे बाजूला. शरीरात पाणी कमी असलं की नायट्रोजनच्या त्रासाचा धोका वाढतो, हे पुरेसं कारण आहे. म्हणजे आठ महिन्यांतला एक गेला, उरले सात. त्यातले वाऱ्याचे, गढुळाचे, ऑफिसचे दिवस वजा करा. वर्षाला चाळीस डाइव्ह झाले तरी मी खूश असेन. उरलेले सव्वातीनशे दिवस त्या गावात कोरड्या कपड्यांत काढायचे आहेत.

करार अकरा महिन्यांचा आहे, आणि तो मी १ जूनपासून करायला सांगितला. दलालाला वाटलं मी महिना चुकलो. "लोक ऑक्टोबरपासून घेतात, साहेब," तो म्हणाला. मी म्हटलं, पावसापासूनच घेतो. ज्याला जून-जुलै निभावला नाही तो ऑक्टोबरच्या पाण्यावर भाळून बसला तर फसेल, आणि तो फसणारा मी आहे, मला मी ओळखतो. घरमालक बाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, जूनचं भाडं अर्धं द्या, पण घर शाकारायला माणूस मिळत नाही, तेवढं पावसाआधी तुम्हीच बघा. पुढच्या रविवारी कौलं बघायला जातोय. या वेळी संध्याकाळी घाट चढायचाच आहे, म्हणून पाण्यात उतरणार नाही.